मिस्त्री, ते बेअरिंग मी जाळलं

मिस्त्री, तुम्ही गेल्याचं मला तीन दिवस उशिरा कळलं. लकडगंजातल्या गॅरेजच्या ओळीतला एक फिटर हात भाजून दवाखान्यात आला होता. मी मलम लावत होते आणि तो दुखणं विसरायला बोलत होता. बोलता बोलता म्हणाला, पुंडलिक मिस्त्री गेले, सोमवारी छातीत कळ आली आणि तासाभरात आटोपलं. मी त्याची पट्टी पूर्ण बांधली. त्याच्यामागे अकरा पेशंट होते, तेही तपासले. मग दार लावून घेतलं आणि टेबलावर डोकं टेकून बसले. रडू आलं नाही. फार थकल्यासारखं वाटलं, एवढंच. दहा वर्षं जे तुमच्यापुढे नीट सांगायचं होतं, ते ऐकायला आता कोणी नाही, हे समजून घ्यायलाच माझी सगळी संध्याकाळ गेली.

तुमच्यापासून लपलेलं त्यात काहीच नाही. ते तुम्हाला आणि मला, दोघांनाच माहीत होतं. तरीही सांगते. यावेळी तुम्ही मला मध्येच थांबवू शकणार नाही.

दवाखान्याला ती हिरवी गाडी मिळाली तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. एका व्यापाऱ्याच्या मुलांनी वडिलांच्या नावाने ती कमिटीला दान दिली, म्हणजे खरं तर स्वतःच्या अंगणातून काढून टाकली. गाडी तेव्हाच बारा वर्षांची होती. मी कमिटीला म्हटलं, मला आठवड्यातून दोन दिवस उमरेड-भिवापूरच्या रस्त्यावरची गावं करू द्या, तिथल्या बायका नागपूरपर्यंत येत नाहीत, येतात तेव्हा उशीर झालेला असतो. ड्रायव्हर ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून मीच शिकले. शिकवायला तुम्ही होतात. गिअर टाकताना आवाज झाला की तुम्ही असा चेहरा करायचात, जणू कोणी तुमच्याच दाढेवर चिमटा लावलाय. पण ओरडला नाहीत कधी.

एकदा तुम्ही एक लाकडी दांडा चालू इंजिनावर टेकवलात आणि त्याचं दुसरं टोक माझ्या कानाला लावलंत. म्हणालात, "तुमी नळी लावून छाती आयकता नं, तसंच हाये हे. आयका." मी ऐकलं. आधी नुसती घरघर होती. मग हळूहळू त्यातून एक एक आवाज वेगळा होत गेला. त्या दिवसापासून मला त्या गाडीची भीती वाटेनाशी झाली.

पेट्रोल एकदम महागलं, त्या वर्षीची गोष्ट. दिवाळीच्या सुमाराला चढावर गाडी खालून ठोके द्यायला लागली. तुम्ही दांडा लावून दोन मिनिटं ऐकलंत आणि सांगितलंत, खालचे बेअरिंग गेले. मला कळत नव्हतं, तेव्हा हाताने दाखवलंत. पिस्टनची दांडी खाली फिरणाऱ्या आसाला, क्रँकला, जिथे धरते, तिथे मऊ धातूच्या दोन अर्धगोल पट्ट्या बसवलेल्या असतात. दांडी आणि क्रँक एकमेकांना घासू नयेत म्हणून त्या बिचाऱ्या स्वतः झिजतात. आमच्या गाडीतल्या झिजून संपल्या होत्या.

खरा उपाय तुम्ही सांगितलात. इंजिन बाहेर काढायचं, क्रँक मशीनवर घासून सारखा करायचा, त्या मापाचे नवे बेअरिंग मुंबईहून मागवायचे. महिनाभर गाडी उभी. तेवढा खर्च कमिटी करणार नव्हती. सेक्रेटरीसाहेबांना मुळात बाईने गाडी चालवत खेडोपाडी जाणंच पसंत नव्हतं. पेशंटला गरज असेल तर तो इथे येईल, असं त्यांचं मत होतं, आणि गाडीला गिऱ्हाईकही त्यांनी बघून ठेवलं होतं. खूप वाद घातल्यावर ते एवढंच म्हणाले, की थोडक्यात काय होतं ते करून घ्या, यानंतर माझ्याकडे खर्च आला तर गाडी विकली समजा.

मी तुमच्याकडे आले आणि थोडक्यात करून द्या म्हटलं. तुम्ही सरळ नाही म्हणालात. "अर्धं काम माह्या हातून नाही होत, बाई. उद्या इंजिन बसलं तं लोक मले विचारतीन. तुमाले नाही."

मला राग आला होता. मी म्हटलं, मिस्त्री, मी दिवसभर अर्धंच काम करते. जिला दोन महिने दूध आणि झोप पाहिजे तिला मी लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवते, कारण तिला तेवढंच शक्य असतं. पूर्ण उपचाराची सोय होईल तेव्हा ये, असं सांगू का तिला?

तुम्ही चिंधीने बराच वेळ हात पुसत राहिलात. मग म्हणालात, दोन दिवस लागतील.

ते दोन दिवस मला अजून सगळेच्या सगळे आठवतात. रविवारी सकाळी आपण भंगारवाल्यांकडे गेलो. अपघातात चेपलेल्या आपल्या गाडीच्याच बनावटीच्या एका गाडीचं इंजिन तुम्ही हुडकून काढलंत. एकेक पट्टी उजेडात धरत होतात, तिच्यावरून नख फिरवत होतात, नाक मुरडून परत टाकत होतात. शेवटी चार जोड्या निवडून रुमालात बांधल्या. मग गाडी ओंडक्यांवर चढवली आणि तुम्ही खाली शिरलात. इंजिन जागचं हलवायचंच नाही असं ठरलं होतं. खालचं तेलाचं चेंबर उतरवलं आणि क्रँक होता तिथेच, त्याच्याभोवती बारीक पॉलिश पेपर गुंडाळून वरून सुतळीचा वेढा दिला. सुतळीची दोन टोकं दोन हातांत धरून ताक घुसळावं तशी ओढत राहिलात. मी बॅटरीचा उजेड धरून बाजूला बसले होते. तेल तुमच्या डोळ्यांत जात होतं. मधूनच थांबायचात, नखाने तपासायचात, पुन्हा सुरू करायचात.

पट्ट्या बसवल्यावर तुम्ही शिशाची केसासारखी तार आत ठेवून बोल्ट आवळलेत, पुन्हा खोललेत आणि ती चपटी झालेली तार माझ्या तळव्यावर ठेवलीत. म्हणालात, एवढीच फट पाहिजे, याहून जास्त राहिली तर ठोकेल, कमी राहिली तर जळेल. तिसऱ्या बेअरिंगला ते माप येईना. तुम्ही ते पाच वेळा खोललंत. चौथ्या वेळी मीच म्हटलं, राहू द्या आता. तुम्ही खालून पुन्हा पाना मागितलात.

गाडी सुरू झाली तेव्हा ठोका गेला होता. किल्ली हातात देताना तुम्ही मला समोर उभं करून सांगितलंत, की पन्नासच्या वर पळवायची नाही, रोज सकाळी तेल मोजायची पट्टी बाहेर काढून तेल पाहायचं, आणि समोरचा तेलाच्या दाबाचा काटा खाली पडला की असेल तिथे इंजिन बंद. "जंगलात असान तरी बंद करा. पायी या, पण चालवू नका. हे बेअरिंग तेलावरच जिवंत हायेत." मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं होतं.

साडेचार महिने गाडी छान चालली. आणि छान चालली म्हणूनच मी सैल झाले. मार्चमधल्या त्या दिवसापर्यंत, नऊ दिवस, मी तेलाची पट्टी काढून पाहिली नव्हती. हे कारण म्हणून सांगत नाही. त्या दिवशी भिवापूरच्या अलीकडच्या एका गावात पहाटेपासून एका अडलेल्या बाईपाशी होते. मूल आडवं होतं. दहाच्या सुमाराला सुटली ती, दोघंही चांगली राहिली. त्यानंतर ओटीवर चाळीसेक बायका बसलेल्या होत्या. दुपारी निघाले तेव्हा पाय सुजले होते. उमरेड मागे टाकलं आणि थोड्या वेळात तेलाचा काटा खाली जाऊन पडला.

मी तो पाहिला, मिस्त्री. लक्षात आलं नाही, असं मला म्हणता आलं असतं, आणि एक-दोनदा मी स्वतःशी म्हणूनही पाहिलं. पण मी तो पाहिला होता. बाहेर ऊन होतं, रस्त्याला सावली नव्हती, बस कधी येईल ठाऊक नव्हतं. मला फक्त घरी जाऊन पाय वर करून पडायचं होतं. आता पोहोचूच, असं म्हणत चालवत राहिले. मग तो ठोका परत आला, आधीपेक्षा मोठा, मग जळका वास आला आणि गाडी झटका देऊन उभी राहिली. मिरच्यांची पोती घेऊन नागपूरला निघालेल्या एका ट्रकवाल्याने दोर बांधून ती ओढत आणली; तिच्या स्टिअरिंगवर आपल्या क्लीनरला बसवलं आणि मला ट्रकमध्ये शेजारी. मिरचीच्या खकाण्याने माझे डोळे गळत होते. तो भला माणूस समजला मी रडते आहे, आणि वाटभर समजूत घालत होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या अंगणात तुम्ही गाडी खोललीत. सेक्रेटरीसाहेब छत्री घेऊन शेजारी उभे होते. चेंबरमधून जेमतेम पेलाभर काळं तेल निघालं. तुम्ही ते बोटावर घेऊन हुंगलंत. मग तिसरी पट्टी काढलीत. ती निळी-काळी पडली होती आणि तिचा धातू मेणासारखा वितळून कडेला आला होता. तुम्ही ती पाहिलीत आणि मग माझ्याकडे पाहिलंत. एकदाच.

साहेबांनी विचारलं, हे कशानं झालं, कामात खोट होती की चालवण्यात?

मी तेव्हा बोलणार होते. निदान मला तसं वाटत आलंय. दहा वर्षं मी तो क्षण उलटसुलट करून पाहिला, तरी खात्रीने सांगू शकत नाही. तुम्ही माझ्या आधी बोललात.

"माह्या कामात कसर राहिली, साहेब. जुने बेअरिंग होते, नाही टिकले. मी करून देतो."

आणि मी गप्प बसले.

तुम्ही इंजिन उतरवून नेलंत. क्रँक घासून आणलात, नवे बेअरिंग मिळवलेत, सगळं पुन्हा बांधून दिलंत आणि कमिटीकडे काही मागितलं नाहीत. गाडी परत आली. त्याच आठवड्यात साहेबांनी दवाखान्याचं काम तुमच्याकडून काढून दुसऱ्या गॅरेजला दिलं. तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं. ते ज्याला भेटत त्याला सांगत, पुंडलिक भंगारातला माल घालतो, बाईमाणूस रस्त्यात अडकली. तुमच्या ओळीत ही गोष्ट आठ दिवसांत सगळ्यांना माहीत झाली. लेथवाले तुमच्याकडे इंजिनं पाठवायचे, ते बंद झाले. दोन वर्षांनी तुम्ही स्वतःचं शेड सोडलंत आणि दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागलात. ज्या माणसाने मला इंजिन ऐकायला शिकवलं, तो आता दुसऱ्या कोणी सांगेल ते नट खोलत होता.

तेव्हाच मी तुम्हाला सक्करदऱ्याच्या तलावाजवळ गाठलं होतं. तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात. मी म्हटलं, मी कमिटीला खरं सांगणार आहे. तुम्ही विचारलंत, "भिवापूरले जाऊन राहिल्या ना अजून?"

"जाते."

"मंग झालं. आता सांगसान तं गाडी बी जाईन अन् माहं गेलेलं काही वापस नाही येत. दोघायचं नुकसान काहून करता?"

मी म्हटलं, पण तुम्ही मला विचारलं नव्हतं. माझी चूक तुम्ही परस्पर उचललीत. मी लहान मुलगी नव्हते. तुम्हाला ते लागलं असावं. तुम्ही म्हणालात, त्या वक्ताले विचाराले टाइम नव्हता, बाई. आणि सायकलवर टांग टाकून निघून गेलात.

आपलं भांडण तिथेच राहिलं. मला अजूनही वाटतं की तुम्ही तसं करायला नको होतं. तुमच्या उपकाराखाली मी इतकी दबले की नंतर तुमच्या गल्लीतून जाणंसुद्धा टाळलं. पण हेही खरं, की त्या गाडीने मी आणखी आठ वर्षं तो रस्ता केला. आडव्या मुलांच्या, पायाळू मुलांच्या, जुळ्यांच्या कितीतरी आया त्या रस्त्याला आहेत. त्यांतल्या एकीलाही तुमचं नाव माहीत नाही. माझं मात्र सगळ्यांना माहीत आहे.

आणि ज्या गोष्टीची मला खरी लाज वाटते ती ही, की सेक्रेटरीसाहेब कमिटी सोडून गेले त्यालाही सहा वर्षं झाली. नवे लोक गाडीला हात लावणार नव्हते. त्यानंतर गप्प राहायला मला काही कारण उरलं नव्हतं. दर दिवाळीला ठरवायचे, यंदा मिस्त्रींकडे जायचं. पेशंट असायचे, गुडघे दुखायचे, आणि राहून जायचं.

काल तुमच्या घरी गेले. तुमच्या सुभद्राबाई दारातच बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी सतरंजी झटकून टाकली. तुमची धाकटी माझ्याच हातावर जन्मली, त्यामुळे त्या मला मानतात, आणि म्हणूनच बोलणं जास्त अवघड होतं. मी सगळं सांगितलं. नऊ दिवस, काटा, ऊन, सुजलेले पाय, अंगणातलं तुमचं ते वाक्य.

ऐकून त्या म्हणाल्या, "म्या बी त्यायले बोलली होती, बाई. शेड सोडलं तवा. म्हटलं, तुमच्या हाताले आता गुण नाही राहिला. जेवून राहिले होते. हात धुतला अन् उठले. मले तरी सांगाचं होतं त्यायनं. मी कोणाले सांगाले जाणार होती?"

मला वाटत होतं, तुम्ही निदान घरी तरी सांगितलं असेल. इतकी वर्षं मी त्याच समजुतीवर झोपत आले. मिस्त्री, तुम्ही बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतंत.

मी माफी मागायला गेले. त्यांनी हात वर करून थांबवलं, अगदी तुमच्यासारखं. "माह्यापाशी सांगून काय होते आता? जिथं त्यायचं नाव गेलं, तिथं जाऊन सांगा."

म्हणून आज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी लकडगंजात गेले. तुमच्या जुन्या शेडमध्ये आता टायरचं दुकान आहे. ओळीच्या टोकाला नथ्थूजी लेथवाले अजून आहेत. तुमच्याकडे इंजिन पाठवणं सगळ्यांत आधी त्यांनीच बंद केलं होतं. मी त्यांना म्हटलं, मला पुंडलिक मिस्त्रींबद्दल बोलायचंय, सगळ्यांसमोर. त्यांनी मशीन बंद केलं. आजूबाजूचे पाच-सहा जण जमले. मी उभ्यानेच सांगितलं, काही गाळलं नाही.

एकाने खाली पाहिलं. मला वाटलं, झालं, आता हे आपापल्या कामाला लागतील.

तेवढ्यात नथ्थूजींनी विचारलं, "काटा पडल्यावर किती चालवली, बाई?"

"बारा किलोमीटर," मी म्हटलं. रस्त्याच्या कडेचे दगड मी त्या दिवशी मोजले होते.

"बारा?" त्यांनी पुन्हा विचारलं. मग वळून शेजारच्या फिटरला म्हणाले, "आयकलं का गा? भंगारातले बेअरिंग, क्रँक मशीनवर नेलाच नाही, चेंबर कोरडं, अन् बारा चालली. माह्या हातचं काम दोन नसतं चाललं."

तो फिटर अलीकडेच ओळीत आलेला असावा. त्याने विचारलं, कोणाचं काम होतं हे?

नथ्थूजी स्टुलावर बसले, चष्मा काढून शर्टाला पुसला. मग त्यांनी तुमचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण.